स्वस्तातला वाय-फाय कॅमेरा जुन्या एनव्हीआरला जोडताना गाडी नेमकी कुठे अडते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी आई-बाबा दोघंच असतात आणि तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. घरी चार चॅनेलचा, म्हणजे चार कॅमेऱ्यांच्या जागेचा, पीओई एनव्हीआर आहे (एनव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, पीओई म्हणजे एकाच लॅन केबलने कॅमेऱ्याला वीजही देणारा), त्याच्या पाठीला वायरचे तीन कॅमेरे लावलेले आहेत आणि ते बिनतक्रार चालतात. मागच्या अंगणासाठी तुम्ही ऑनलाइन एक स्वस्तातला, मान फिरवणारा वाय-फाय कॅमेरा मागवला. मोबाइलच्या ॲपवर तो झकास दिसतो, पण एनव्हीआरवर ‘सर्च’ केलं की यादीत येतच नाही. हाताने आयपी पत्ता, म्हणजे कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकला तर आधी ‘नेटवर्क अनरीचेबल’ आलं, आणि कॅमेरा दुसऱ्या वाय-फायवर घेतल्यावर ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’. जेल रोडवरच्या दुकानदाराने सांगितलं की दोन कंपन्यांचं एकमेकांशी जमत नाही, सगळं एकाच कंपनीचं घ्या. कॅमेरा परत करायची मुदत संपत आलीय, तर तो परत करावा की एनव्हीआरच बदलावा?

आज दोन्हीपैकी काहीच करू नका. तुम्हाला आलेले दोन संदेश वेगवेगळ्या कारणांचे आहेत आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणं ही प्रगती आहे. एनव्हीआर कॅमेऱ्यापर्यंत पोचला, आता कॅमेरा फक्त त्याला दारातून आत घेत नाहीये.

मी इंदूरात बरीच वर्षं घरांचे आणि छोट्या दुकानांचे कॅमेरे बसवतो. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. कॅमेरा आणि एनव्हीआर एकाच कंपनीचे असले की ते त्या कंपनीच्या खासगी प्रोटोकॉलवर, म्हणजे आपसातल्या ठरावीक बोलीत, बोलतात, आणि पासवर्ड, हालचालीची सूचना, रेकॉर्डिंगची सेटिंग सगळं एका जागेवरून होतं. बसवणाऱ्याच्या फेऱ्या वाचतात. पण ‘जमतच नाही’ हे खरं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचं जमावं म्हणूनच ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ हे सगळ्यांसाठीचं सामायिक मानक सुरू केलं. आज बाजारातला जवळपास प्रत्येक एनव्हीआर ऑनव्हिफ ओळखतो. अडचण असते ती स्वस्त कॅमेऱ्यांच्या बाजूला.

तुम्ही कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं नाही आणि सगळं तिथेच ठरतं. काही कॅमेरे आपलं चित्र घरच्या नेटवर्कवर आरटीएसपीने, म्हणजे चित्र सलग पाठवण्याच्या एका खुल्या पद्धतीने, मोकळं देतात, काही फक्त आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी आणि ॲपशीच बोलतात. बॅटरीवर चालणारे कॅमेरे बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण सतत चित्र पाठवत राहिले तर बॅटरी दिवसभरही टिकायची नाही. तुमचा कॅमेरा दुसऱ्या प्रकारातला निघाला तर पुढचं सगळं विसरा आणि मुदतीच्या आत परत करा, एनव्हीआर बदलूनही तो जोडला जाणार नाही. खोक्यावर ‘ऑनव्हिफ सपोर्ट’ छापलंय म्हणून खात्री धरू नका. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावर प्रमाणित उत्पादनांची यादी असते, तिथे मॉडेल नंबर टाकून बघा. यादीत नसलेले कितीतरी कॅमेरे चालतात, तेव्हा नाव नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. नाव असलं तर मात्र निम्मी काळजी मिटली.

माझी पद्धत अशी की कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर दिसेपर्यंत एनव्हीआरला हातच लावायचा नाही. एनव्हीआर फार कमी सांगतो, चार-पाच ठरावीक संदेशांपलीकडे त्याला बोलता येत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी हा मोफत व्हिडिओ प्लेअर घ्या, त्यात ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाका. आरटीएसपीचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा आकडा, ५५४. पत्त्याचा शेवटचा भाग कंपनीगणिक बदलतो: टॅपोच्या कॅमेऱ्यांत शेवटी स्ट्रीम१ म्हणजे मोठं चित्र आणि स्ट्रीम२ म्हणजे लहान, हिकव्हिजनमध्ये चॅनेलच्या जागी १०१ आणि १०२, तर दाहुआ पद्धतीच्या कॅमेऱ्यांत चॅनेल आणि सबटाइप असे दोन आकडे. तुमच्या मॉडेलचा पत्ता कंपनीच्या मदत-पानावर मिळेल. तिथे आरटीएसपीचा उल्लेखच नसेल, तर परत करायची तयारी ठेवा.

दुसरं मोफत हत्यार म्हणजे विंडोजवरचं ऑनव्हिफ डिव्हाइस मॅनेजर. कॅमेरा ऑनव्हिफला उत्तर देतो की नाही आणि कोणत्या पोर्टवर देतो, ते यात दिसतं. पोर्ट हा भलताच फसवा प्रकार आहे. एनव्हीआर बहुतेकदा ८० धरून चालतो. टॅपोचा ऑनव्हिफ पोर्ट २०२० आहे, आणि बिननावाच्या पुष्कळ चिनी बोर्डांवर तो ८८९९ असतो. चुकीच्या पोर्टवर कितीही बरोबर पासवर्ड टाका, पलीकडे ऐकायला कोणी नसतं.

आता तुमचा पहिला संदेश, ‘अनरीचेबल’. इंदूरातल्या निम्म्या घरांत मला एकच चित्र दिसतं. फायबरवाल्याने एक डबा बसवलेला असतो आणि त्याचं वाय-फाय पुढच्या खोलीपुरतं, म्हणून घरच्यांनी मागे स्वतःचा दुसरा राउटर लावलेला असतो. एनव्हीआर एका डब्यावर, कॅमेरा दुसऱ्याच्या वाय-फायवर. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने. दोन्हींवर इंटरनेट चालतं, त्यामुळे मोबाइल ॲपला काही फरक पडत नाही, पण एनव्हीआरला तो कॅमेरा घराबाहेरचा वाटतो. ‘सर्च’चं तर आणखी वेगळं. तो शोध म्हणजे वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारण्यासारखा आहे, शेजारच्या वाड्यात ती हाक जात नाही. त्यामुळे यादीत नाव न येणं आणि कॅमेरा न जोडला जाणं या दोन गोष्टी एक समजू नका. नुसती हाक अडली असेल, तर पत्ता हाताने टाकून काम होतं.

यावर माझा उपाय नेहमी एकच. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकायचं, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकटा पहिला डबा करतो आणि घरात एकच नेटवर्क उरतं. कॅमेरा ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तर आधी तिथून काढा, कारण गेस्ट नेटवर्क मुद्दामच बाकीच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं. मग राउटरमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा. हे न केल्यास एखाद्या दिवशी वीज जाऊन येईल, कॅमेऱ्याला वेगळा पत्ता मिळेल आणि एनव्हीआर जुन्याच पत्त्यावर वाट बघत बसेल. आई-बाबांचा फोन त्या दिवशी नक्की येईल.

तुमच्या एनव्हीआरच्या पाठीचे चार पीओई पोर्ट, म्हणजे केबल खोचायची भोकं, मात्र या घरच्या नेटवर्कचा भाग नाहीत, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. ते एनव्हीआरचं खासगी जाळं असतं. हिकव्हिजनच्या पीओई एनव्हीआरमध्ये ते बहुधा १९२.१६८.२५४ ने सुरू होतं, दाहुआमध्ये १०.१.१ ने. म्हणून वाय-फाय कॅमेऱ्याला लॅनचं भोक असलं, तरी तो त्या चौथ्या पोर्टात खोचू नका, राउटरलाच लावा. कॅमेरा जळण्याची भीती नाही, कारण प्रमाणित पीओई पोर्ट समोरचं उपकरण पीओईचं आहे का ते आधी तपासतो आणि मगच सुमारे ४८ व्होल्ट सोडतो. पण त्या खासगी जाळ्यात परक्या कॅमेऱ्याला पत्ता मिळवून देण्यात नसती डोकेदुखी आहे.

आणि इथेच चार चॅनेलच्या एनव्हीआरची एक गंमत आहे. चौथा चॅनेल रिकामा दिसतो, पण तो चौथ्या पीओई पोर्टासाठी राखून ठेवलेला असतो, ‘प्लग अँड प्ले’ अशा नावाने. नेटवर्कवरचा कॅमेरा जोडायला गेलं की एनव्हीआर म्हणतो जागा नाही. त्या चॅनेलच्या ‘एडिट’मध्ये जाऊन जोडण्याची पद्धत ‘मॅन्युअल’ करायची, प्रोटोकॉल ‘ऑनव्हिफ’ निवडायचा आणि मग पत्ता, पोर्ट, नाव, पासवर्ड भरायचं. मेनूची नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतात.

दुसरा संदेश, ‘पासवर्ड चुकीचा’. याची तीन कारणं मला सारखी भेटतात, आणि तिसरं दुकानदारांनाही फारसं माहीत नसतं.

पहिलं, ॲपचा पासवर्ड आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळे असतात. तुम्ही ईमेल टाकून ॲपमध्ये जाता ते खातं कंपनीच्या सर्व्हरवरचं. एनव्हीआरला हवं असतं ते कॅमेऱ्याच्या आतलं खातं. टॅपोमध्ये ते ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधल्या ‘कॅमेरा अकाउंट’ला वेगळं तयार करावं लागतं. त्यांच्या नव्या ॲपमध्ये ‘थर्ड-पार्टी कम्पॅटिबिलिटी’ असंही एक बटण आहे, तेही चालू करा. हिकव्हिजनच्या बऱ्याच वर्षांपासूनच्या कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं. ते चालू करून ऑनव्हिफसाठी वेगळा युजर बनवावा लागतो.

दुसरं, पासवर्डातली चिन्हं. आरटीएसपीच्या पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह, विसर्ग-चिन्हासारखा कोलन आणि तिरकी रेघ यांना स्वतःचे अर्थ आहेत. पासवर्डात ती आली की पत्त्याची मोडतोड होते. या एका खात्यापुरता पासवर्ड नुसत्या अक्षर-अंकांचा ठेवा, पण लांब ठेवा. आणि एनव्हीआरवर चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा मारत बसू नका. पुष्कळ कॅमेरे काही चुकांनंतर थोडा वेळ स्वतःला कुलूप लावतात, आणि त्या वेळात बरोबर पासवर्डही चूकच ठरतो.

तिसरं कारण घड्याळ. ऑनव्हिफमध्ये पासवर्ड उघडा जात नाही, तो त्या क्षणाची वेळ मिसळून एका सांकेतिक रूपात जातो. एनव्हीआर आणि कॅमेरा यांच्या घड्याळांत बराच फरक असला की कॅमेरा तो निरोप शिळा समजून नाकारतो, आणि पडद्यावर उमटतं ‘पासवर्ड चुकीचा’. जुन्या एनव्हीआरच्या आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. किंवा दोघांचं घड्याळ ठीक असतं पण एकाचा टाइमझोन चीनचा असतो. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, हे दोन्ही ठिकाणी लावा आणि दोघांनाही एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून, आपोआप वेळ घ्यायला सांगा. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच नावा-पासवर्डाने व्हीएलसीमध्ये चित्र येतं आणि एनव्हीआरवर ऑनव्हिफने मात्र ‘पासवर्ड चुकीचा’ येतं. आरटीएसपीच्या ओळख-पद्धतीत घड्याळाचा संबंध नसतो, म्हणून असं होतं. तुमचे तीन वायरचे कॅमेरे व्यवस्थित चालतात यावरून एनव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे असं धरू नका. एकाच कंपनीचे असतील तर ते खासगी प्रोटोकॉलवर आहेत, त्यांना या फरकाचं काही वाटत नाही. एनव्हीआरच्या पडद्यावरची तारीख आधी वाचा.

इतकं करूनही ऑनव्हिफ हट्टाला पेटलं, तर एनव्हीआरमध्ये ‘कस्टम प्रोटोकॉल’ किंवा तत्सम पर्याय आहे का बघा. त्यात आरटीएसपीचा पत्ता सरळ भरता येतो, मोठ्या आणि लहान चित्रासाठी वेगवेगळा. व्हीएलसीवर जो चालला तोच पत्ता इथे.

समजा जोडणी झाली, हिरवी खूण आली, पण चौकट काळी. तेव्हा नेटवर्ककडे बघू नका, चित्राच्या कोडेककडे, म्हणजे ते दाबून लहान करण्याच्या पद्धतीकडे, बघा. कॅमेरा एच.२६५ पाठवतोय आणि जुन्या एनव्हीआरला फक्त एच.२६४ उलगडता येतं, असं बहुधा असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडा. कंपन्यांचे ‘प्लस’ किंवा ‘स्मार्ट’ कोडेक बंद ठेवा, ते आपापल्या कुटुंबापुरते असतात. चित्र १०८० पी, सेकंदाला १५ फ्रेम, २ एमबीपीएसच्या (सेकंदाला २ मेगाबिट डेटाच्या) आसपास. घरच्या अंगणाला एवढं पुरतं. स्वस्त कॅमेऱ्यात ही सेटिंग बदलायची सोयच नसते असंही होतं. तेव्हा लहान स्ट्रीम जोडून बघा. ती चालली आणि मोठी नाही, तर दोष कोडेकचा किंवा आकाराचा, हे पक्कं. चार चॅनेलच्या एनव्हीआरना एकूण किती डेटा आत घेता येईल याचीही मर्यादा असते, सामान्यतः ४० एमबीपीएसच्या आसपास. चार घरगुती कॅमेऱ्यांत ती भरत नाही.

डिस्कचा हिशेब करून ठेवा. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा चोवीस तासांत सुमारे २१.६ जीबी खातो. चौघांचे झाले ८६ जीबी, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अकरा दिवसांच्या आसपास रेकॉर्डिंग राहील. हा हिशेब सतत रेकॉर्डिंगचा आहे, आणि नव्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही सतत रेकॉर्डिंगच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. परक्या कॅमेऱ्याची हालचालीची सूचना एनव्हीआरपर्यंत पोचेल याची खात्री नसते. चित्र दिसतंय म्हणून घरचे निर्धास्त असतात, आणि एखाद्या दिवशी मागे जाऊन पाहावं तर त्या चॅनेलवर काहीच साठलेलं नसतं. जोडल्यावर दुसऱ्या दिवशी ‘प्लेबॅक’ उघडून रात्रीचे दोन-चार तास पुढे-मागे करून पाहा. मगच काम झालं असं म्हणा.

मान फिरवणं, माणूस ओळखणं, दोन्हीकडून बोलणं या गोष्टी ॲपमध्येच राहतील असं धरून चाला. एनव्हीआरवर फिरवता आलं तर नशीब. एसडी कार्ड, कंपनीचं क्लाउड आणि एनव्हीआर हे तिन्ही एकाच वेळी काही स्वस्त कॅमेऱ्यांना झेपत नाहीत, त्यातले दोन निवडावे लागतात. एनव्हीआर आणि एसडी कार्ड ही जोडी मला पसंत आहे, कारण एनव्हीआरचा डबाच कोणी उचलून नेला तरी कार्डावर काही दिवस उरतात.

अंगणात तो नीट चालेल का, हे मला इथून सांगता येणार नाही. तुमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड विटांच्या, आणि स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. ॲपवर चित्र अडखळलं तर आपण ‘नेट स्लो आहे’ म्हणून सोडून देतो, एनव्हीआरच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र तिथे भोक पडतं. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला संध्याकाळी अर्धा तास पिंग (उत्तर येतं का ते पाहणारे छोटे निरोप) चालू ठेवा. निरोप गळत असतील तर मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट लावा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागतच नाही. घेताना शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल इंदूरच्या सियागंज बाजारात ढिगाने मिळते आणि नंतर त्रास देते. कॅमेऱ्यालाच लॅनचं भोक असेल तर केबल थेट कॅमेऱ्यापर्यंत न्या, वाय-फायचा प्रश्नच मिटला.

‘दिवसा चालतो, रात्री बंद पडतो’ अशी तक्रार पुढे आली, तर ती बहुधा वाय-फायची नसते. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त खेचली जाते, आणि ॲडॅप्टरपासून लांब, बारीक वायर ओढलेली असली की शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडून कॅमेरा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्यांत हे फार लवकर होतं. लांबी वाढवायची तर २३० व्होल्टचा प्लग पॉइंट अंगणाजवळ, पावसापासून आडोशाला न्या, ॲडॅप्टरची वायर वाढवू नका.

तुम्ही पुण्यातून बघणार म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. कोणी ‘पोर्ट फॉरवर्ड करून देतो’ म्हणालं, म्हणजे एनव्हीआरचं दार थेट इंटरनेटवर उघडून देतो म्हणालं, तर नको म्हणा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे, त्यांच्या कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डांवरून, ताब्यात घेतले होते. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे अशी दारं आपोआप उघडणारी सोय, बंद करा. एनव्हीआरच्या कंपनीचं ॲप वापरा किंवा घरी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित मार्ग, लावा, आणि एनव्हीआरचा मूळ पासवर्ड अजून तोच असेल तर आजच बदला.

थोडक्यात क्रम असा: आधी मदत-पानावर आरटीएसपी आहे का ते बघा, मग कॅमेऱ्याच्या आतलं खातं तयार करा, व्हीएलसीवर चित्र आणा. ते आलं की घरात एकच नेटवर्क, राखीव पत्ता, दोन्ही घड्याळं बरोबर, चौथा चॅनेल ‘मॅन्युअल’ आणि ऑनव्हिफचा खरा पोर्ट. काळी चौकट आली तर एच.२६४.

व्हीएलसीवर चित्र आलंच नाही तर कॅमेरा परत करा आणि एनव्हीआर आहे तोच ठेवा. बदली कॅमेरा घेताना लॅन पोर्ट असलेला, शक्यतो पीओईचा आणि तुमच्या एनव्हीआरच्याच कंपनीचा घ्या, तो चौथ्या भोकात खोचला की काम झालं. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा-चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत, तेव्हा ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो’ याला भुलू नका आणि पक्कं बिल मागा.

अडलंच तर कॅमेऱ्याचा आणि एनव्हीआरचा मॉडेल नंबर, दोघांचे आयपी पत्ते आणि एनव्हीआरच्या पडद्यावरची तारीख-वेळ एवढं लिहून पाठवा. पासवर्ड मात्र कुठेही लिहू नका.